तीन हॅलोंच्या आत

ऑफिसातला फोन दोनदा वाजून तिसऱ्यांदा वाजायला लागला की माझा हात आपोआप पुढे जातो. डबा उघडलेला असो, बोटं तेलकट असोत, मी फोन उचलतो. बायको म्हणते, घरी शेजारच्यांचा फोन वाजला तरी तू दचकतोस. ही खोड माझी जन्मजात नाही. ती वानखडेबाईंनी लावली. बाई ऑफिस सोडून गेल्या, खोड राहिली.

आमचं ऑफिस म्हणजे चिखलीत बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली पोती आणि फवारणीच्या औषधांचा वास, वर आम्ही. मालक अनीसभाई. नागपुरात कॉम्प्युटर शिकून गावी परतलेला, डोक्यानं शांत, बोलण्यात निम्मी हिंदी. तालुक्यातल्या शाळांना, कापसाच्या जिनिंगवाल्यांना, धान्याच्या आडत्यांना तो प्रोग्राम करून द्यायचा. मी पुण्यात चार वर्षं नोकरी करून, वडिलांच्या आजारपणामुळे परत आलो होतो. परत आलो होतो असं मी आता म्हणतो. तेव्हा माझा थाट चिखलीला काहीतरी शिकवायला आल्याचा होता.

बाईंना अनीसभाईनं ठेवलं होतं ते गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला. साठी उलटलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्त. नोकरीची पहिली तेरा वर्षं त्या मलकापूरच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर होत्या. त्या काळी फोन थेट लागत नसे. आधी ऑपरेटरबाई उचलायची, कुणाशी बोलायचं ते विचारायची आणि वायरीची पिन समोरच्या भोकात खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. पुढे बोर्ड गेले, यंत्रं आली, बाईंना टेबल मिळालं. पण त्यांना नोकरीबद्दल विचारलं की टेबलाची चोवीस वर्षं त्या एका वाक्यात संपवत. बोर्डाबद्दल मात्र बोलत राहत.

उंचीनं ठेंगण्या, अंगात कायम फिक्या रंगाची सुती साडी, आणि मान जराशी उजवीकडे कललेली. इतकी वर्षं उजव्या कानाला लावलेल्या बोर्डावरच्या हेडफोननं ती तशीच राहून गेली होती. जुन्या कॅलेंडरची पानं कापून, मागच्या कोऱ्या बाजूंची त्या वही शिवत. आलेला प्रत्येक फोन त्या वहीत. नाव, गाव, तक्रार, आणि शेवटी एक गोष्ट जी मी दुसऱ्या कुणाच्या नोंदीत पाहिलेली नाही. मागे काय ऐकू येत होतं ते. ‘मागे मोटार चालू.’ ‘मागे लेकरू रडते.’ ‘मागे कोणी नाही.’ मी एकदा विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, “ज्याच्या मागे लेकरू रडून राह्यलं, त्याले आधी उत्तर द्या लागते ना बाबू.”

फोनवर त्यांनी कुणाला ‘होल्ड करा’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. काही शोधायचं असलं तर त्या शोधता शोधता बोलत राहत. “फोन ठेवू नका, मी हाय. पान उलटून राह्यली. तुमच्या शाळेचं नाव पाहून राह्यली. सापडलं पाहा.” सुरुवातीला मला याचं हसू यायचं. अनीसभाईही चिडवायचा, “बाई, आप तो क्रिकेटची कॉमेंट्री करता.” बाई ढिम्म. शांत फोन आणि मेलेला फोन यातला फरक समोरच्याला कळत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं.

त्याहून ठाम होतं ते तीन हॅलोंचं. बोर्डावर असताना त्यांनी हे मोजलं होतं म्हणे. “पलीकडून आवाज नाही आला का माणूस तीनदा हॅलो म्हणते. पहिलं खुशीचं, दुसरं शंकेचं, तिसरं रागाचं. मंग ठेवते. तहसीलदार असो का हमाल, तीनच.”

“आणि चौथं?” मी.

“चौथं घरचंच माणूस म्हणते. तेही एखादंच.”

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना अशी मापं असतातच. कुणी चहा उकळायला स्तोत्र म्हणतं, कुणी हॅलो मोजतं.

मग ते साप चावल्याचं काम आलं.

तालुक्यातल्या एका डॉक्टरांनी आणि त्यांच्या चार मित्रांनी ठरवलं होतं की साप चावलेल्या माणसाच्या घरच्यांना एक नंबर द्यायचा. आपल्याकडे साप चावला की पहिला तास धावपळीत जातो. कुठे न्यावं, तिथे लस आहे की संपली, गाडी कुणाची मिळेल, काही माहीत नसतं. या नंबरवर फोन लावायचा, गावाचं नाव सांगायचं. आमच्या प्रोग्रामनं सांगायचं की जवळ कुठल्या केंद्रात आज लस आहे, आणि त्याच वेळी गावाजवळच्या जीपवाल्याला निरोप पाठवायचा. आरोग्य केंद्रांनी रोज सकाळी आपल्याकडचा साठा कळवायचा. पेरणीच्या आधी नंबर सुरू व्हायला हवा होता.

मी फळ्यावर दोन चौकोन काढले. एक सर्व्हर. म्हणजे दिवसरात्र चालू असलेला कॉम्प्युटर, फोन येवो न येवो, तो आपला जागा. दुसरं फंक्शन, ज्याला आमच्या धंद्यात सर्व्हरलेस म्हणतात. म्हणजे निरोप आला की उठणारा, काम करून पुन्हा झोपणारा छोटा प्रोग्राम. त्याला सांभाळावं लागत नाही, एकदम गर्दी झाली तर तो आपल्याच दहा प्रती उभ्या करतो. साप काही दर मिनिटाला चावत नाहीत. आठवड्यात दहा-बारा फोन येणार. त्यासाठी एक कॉम्प्युटर कायम जागा ठेवून त्याची निगराणी करत बसायचं? फंक्शनच बरोबर, हे मी पुण्याच्या आवाजात सांगितलं.

बाई डबा खात ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे एक बाई बोर्डावर बसूनच हाय. आन दुसरी घरी झोपून हाय, घंटी झाली का उठून येते. असंच ना?”

“अगदी बरोबर, बाई.”

“घर किती दूर हाय तिचं?”

मी हसलो. आणि तिथल्या तिथे नंबर लावून दाखवला. लगेच उचलला. पुन्हा लावला, लगेच. दहा वेळा लावला. बाईंनी दहाही वेळा ऐकलं आणि डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, “आता तू तिले झोपूच देऊन नाही राह्यला. उद्या सकाळी पहिला फोन मी लावीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पर्स खांद्याला असतानाच फोन लावला. फोन लागला, आणि पलीकडे शांतता. बाई सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “हॅलो.” थांबल्या. “हॅलो?” थांबल्या. “हॅलो!” आणि फोन टेबलावर ठेवला. “गेला तुहा माणूस.”

सात सेकंद लागले होते. झोपलेलं फंक्शन उठायचं, चारशे गावांची यादी उघडायचं, मग बोलायचं. मी तीन दिवस खपून ती वेळ कमी केली. कधी चार सेकंद, कधी सहा. त्याच्या खाली काही जाईना. शेवटी मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, “बाई, ज्याच्या घरी साप चावलाय तो माणूस सहा सेकंद थांबणार नाही का? त्याला गरज आहे.”

“गरज हाय म्हणूनच थांबत नाही. बिनकामाचा माणूस थांबते.”

अनीसभाईनं दोघांकडे पाहिलं. पेरण्या तोंडावर होत्या, डॉक्टरांचा रोज फोन येत होता. तो म्हणाला, “चालू करू. बाद में देख लेंगे.” वाद घालणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वाजणारा फोन उचलला.

नंबर ग्रामपंचायतींच्या भिंतींवर, पिठाच्या गिरण्यांवर रंगवला गेला. काम नीट चाललं. दोघा-तिघांना वेळेवर लस मिळाली, डॉक्टरांनी पेढे पाठवले. मी पेढे खाल्ले. बाईंनी रोज सकाळी आदल्या दिवशीच्या फोनांची यादी माझ्याकडून कागदावर मागून घ्यायचा नेम धरला. त्या यादीचं त्या काय करतात हे मी विचारलं नाही.

पंधरवड्यानं त्यांनी तो कागदांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. सात ओळींभोवती लाल पेन्सिलीचे गोल. पाच सेकंद. चार सेकंद. पुन्हा पाच. फोन लागलेला, पण गाव सांगायच्या आधीच ठेवलेला. आणि प्रत्येक गोलाच्या आधीचे कित्येक तास एकही फोन नाही, म्हणजे फंक्शन झोपलेलं.

“चुकून लावले असतील,” मी म्हणालो.

“मंग विचारू त्यायले.”

त्यांनी एकेकाला फोन लावला. चौघांनी नंबर खरा आहे का ते बघायला लावला होता. दोघांनी उचलला नाही. सातव्या फोनवर बाई बराच वेळ नुसतं ऐकत होत्या. मधून मधून “हाव” म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर त्यांनी वहीत लिहायला पेन्सिल घेतली आणि न लिहिताच खाली ठेवली. मला म्हणाल्या, “चाल. देऊळघाटले जाऊ.”

बुलढाण्यापर्यंत एसटीनं आणि पुढे जीपनं गेलो. सातव्या फोनवाल्या उत्तमरावांचं घर गावाच्या कडेला होतं. चार एकरांचा माणूस, पन्नाशीचा, आम्ही दिसताच खाटेवरून उठून उभा राहिला. कडबा काढताना त्यांच्या बायकोला, लीलाबाईंना, उजव्या हाताला साप चावला होता. उत्तमरावांनी भिंतीवरचा नंबर लावला. पलीकडून आवाज नाही. मग बायकोला घेऊन जवळ जे केंद्र होतं तिथे गेले. तिथली लस त्या दिवशी संपलेली होती. तिथून गाडी शोधून बुलढाण्याला. लीलाबाई वाचल्या. पण त्या उशिरात हाताचं जे व्हायचं ते झालं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. त्या आमच्यासाठी डाव्या हातानं चहा गाळत होत्या, आणि गाळणी धरायला त्यांची सून पुढे आली तर तिला “राहू दे वं” म्हणत होत्या.

उत्तमराव रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हात जोडून म्हणाले, “चूक आमचीच झाली मॅडम. दम धराले पाह्यजे होता. पण तिकून आवाजच नाही. मले वाटलं नंबर बंद झाला.”

बाई म्हणाल्या, “किती वेळा हॅलो म्हटलं तुम्ही?”

उत्तमरावांनी आठवलं. “तीनदा म्हटलं असन.”

“मंग चूक तुमची नाही.” बाई पुढे झाल्या आणि लीलाबाईंच्या हातातलं पातेलं त्यांनी घेतलं. “तुम्ही बरोबर केलं. चूक आमच्याकडची हाय.”

‘आमच्याकडची’ म्हणाल्या त्या. माझ्याकडे बोट दाखवलं नाही, नजरही वळवली नाही. मला इतकी शरम वाटली की चहाचा कप हातात असून मला तो पिता येईना. आजही ती शरम पूर्ण गेलेली नाही, आणि ती जाऊ नये असं मला वाटतं.

परतीच्या जीपमध्ये दाटीवाटीत आम्ही बसलो होतो. बुलढाणा जवळ आलं तेव्हा बाई खिडकीकडे बघत बोलू लागल्या. बोर्डावर नवीन असतानाची गोष्ट. दुपारची वेळ, फोन थंडावलेले. त्या पाणी प्यायला उठल्या. माठ चार पावलांवर होता. एवढ्यात बोर्डावर घंटी झाली. त्या हातातला ग्लास टाकून धावल्या, पिन लावली, तोवर माणूस गेलेला. नंतर कळलं की तो पोस्टात येऊन अकोल्याचा फोन मागत होता, तीनदा हॅलो म्हणाला आणि निघून गेला. कोण होता, अकोल्याला कुणाशी काय बोलायचं होतं, काही कळलं नाही.

“फक्त चार पावलं बाबू. त्याले काय सांगायचं होतं ते मले आजवर माहीत नाही.” मग म्हणाल्या, “त्याच्यानंतर माठ बोर्डाच्या खाली ठेवला मी.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एक विचित्र काम सुरू केलं. घड्याळ समोर ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावायचा, आवाज आला की ठेवायचा. ऑफिसचे फोन घेता घेता, जेवता जेवता. घरी गेल्यावरही. ही बाई झोपते कधी हे मला कळेना. विचारलं तर म्हणाल्या, “तू नवीन काही करेपर्यंत मी तिले झोपू देत नाही.” मी म्हणालो, “बाई, याला माणूस कशाला? दर पाच मिनिटांनी उठवायचं काम मी दोन ओळी लिहून कॉम्प्युटरला सांगतो.” आणि त्या दुपारीच सांगितलं. मला वाटलं, सुटला प्रश्न. इतका सोपा उपाय आधी सुचला नाही म्हणून मी स्वतःवर जरा चरफडलोही.

बाईंनी अनीसभाईला हाक मारली. एक फोन त्याच्या हातात दिला, एक स्वतः घेतला. “मी तीन म्हटलं का लाव.” दोघांनी एकाच वेळी नंबर लावला. बाईंच्या फोनवर लगेच आवाज आला. अनीसभाई कानाला फोन लावून उभा. “हॅलो. हॅलो? अरे हॅलो!” त्यानं फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिलं. “बाई, ये तो लफडा आहे.”

मला कारण कळायला क्षणही लागला नाही. मीच फळ्यावर कौतुकानं सांगितलेलं होतं. एकदम दोन फोन आले की फंक्शन आपली दुसरी प्रत उभी करतं. ती दुसरी प्रत झोपेतूनच उठते.

“एक बाई जागी ठेवली तू,” बाई म्हणाल्या. “घंट्या दोन वाजल्या.”

त्या आठवड्यात मी लहानसा सर्व्हर उभा केला. कायम जागा. दहा माणसांनी एकदम फोन लावला तरी दहाही जणांशी बोलणारा. गावांची यादी कायम त्याच्या हातात. मी चिडून बाकी सगळंच त्याच्यावर आणायला निघालो होतो, आता फंक्शनचं नावच नको म्हणून. तर बाईंनीच अडवलं. आरोग्य केंद्रांनी सकाळी कळवलेला साठा मांडून घेणं, डॉक्टरांना महिन्याचा अहवाल पाठवणं, ही कामं त्यांनी वहीत एका बाजूला लिहिली.

“इथं फोन धरून कोणी उभं हाय का?”

“नाही.”

“मंग यांच्यासाठी बाई काऊन बसवून ठेवतं? झोपू दे तिले. उठंन आन करन.”

ज्या कामापाशी माणूस वाट बघत उभा आहे ते जाग्या सर्व्हरवर, बाकीचं फंक्शनवर. पुण्यात यावर मी दोन-दोन दिवसांच्या बैठका पाहिल्या आहेत, फळे भरून जाताना पाहिले आहेत. बाईंच्या वहीत ते अर्ध्या पानात मावलं. आता नवं काम आलं की मीही आधी तेच विचारतो आणि समोरच्याला वाटतं, काय साधा प्रश्न विचारतोय हा.

राहिला आवाज, तोवर कॉम्प्युटरचाच होता. डॉक्टरांनी एका शिक्षिकेकडून सुंदर, स्वच्छ मराठीत ध्वनिमुद्रण करून आणलं होतं. ‘नमस्कार, आपले स्वागत आहे. कृपया आपल्या गावाचे नाव सांगा.’ बाईंनी ते ओळखीच्या पाच गावांत एकेकाला ऐकवलं. पाचातल्या चौघांनी ‘नमस्कार’वरच फोन ठेवला. त्यांना वाटलं, कंपनीची जाहिरात आहे. अनीसभाई पोट धरून हसला. मग त्यानं मोबाइल बाईंच्या तोंडासमोर धरला. “बाई, आपच बोला. जैसे रोज बोलता वैसे.”

बाई चक्क लाजल्या. पदर नीट केला, जसा काही फोटोच काढायचा आहे. दोनदा घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा सरळ, फोन उचलल्यासारख्या बोलल्या. “हॅलो, बोला. फोन ठेवू नका, मी हाय. गाव सांगा.” खाली दुकानात कुणीतरी पोतं आपटल्याचा आवाज त्यात आला आहे. आम्ही तो काढला नाही.

त्यानंतर लाल पेन्सिलीचे गोल थांबले. बाई तरीही रोज यादी मागत. रोज सकाळी पर्स खांद्याला असतानाच पहिला फोन लावत, हाताचं एक बोट वर करून मला दाखवत. म्हणजे पहिल्या हॅलोला उचलला. मी मान हलवायचो. हे आमचं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

मग एकदा, दुपारी, बाईंच्या टेबलावरचा फोन तीनदा वाजला. मी आणि अनीसभाईनं एकदमच वर पाहिलं. बाई वहीत लिहीत होत्या. चौथ्यांदा वाजला. मी उठून उचलला. बाईंनी माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. उजवा कान बरेच दिवस जड झाला होता, त्या डाव्यावर भागवत होत्या, आम्हाला कळू दिलं नव्हतं. आता डावाही.

अनीसभाई म्हणाला, फोन राहू द्या, तुम्ही फक्त याद्या बघा, बसायला या. त्यानं ते मनापासून म्हटलं होतं. बाईंनी वही, पेन्सिल, डबा पिशवीत भरला. “ज्याले घंटी ऐकू येत नाही त्यानं बोर्डावर बसू नाही.” जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. खाली रस्त्यावर जाईपर्यंत मी खिडकीतून पाहत होतो. मागून येणारा टेम्पो भोंगा वाजवत होता, त्यांना तो उशिरा कळला.

त्या मलकापूरला लेकीकडे राहायला गेल्या. गेल्या महिन्यात तिथल्या जिनिंगमध्ये काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून गेलो. रेल्वेलाइनपासून दोन गल्ल्या अलीकडे घर. दार उघडं होतं. बाई दाराकडे पाठ करून आत फरशीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरून हाक मारली, “बाई.” परत मारली. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मग चौथ्यांदा मारली आणि आत पाऊल टाकलं तशी माझी सावली त्यांच्या सुपावर पडली.

“तू?” त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा. “कवाचा उभा हायेस? किती हाका मारल्या?”

मी चार बोटं दाखवली.

बाई हसल्या. “घरचा हायेस मंग.”

बोलणं फारसं होणं शक्य नव्हतं. कानातलं यंत्र त्यांना नको वाटायचं, त्यात नुसता गोंगाट होतो म्हणाल्या. मी एका कागदावर लिहून दाखवत होतो. अनीसभाई बरा आहे. डॉक्टरांनी आणखी दोन तालुके घेतले. उत्तमरावांच्या लीलाबाई आता विळा धरतात. ते शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. एक मालगाडी गेली. बाईंनी पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवून सांगितलं की गाडी आता कानाला नाही, पायाला कळते.

मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी कोनाड्यातला आपला मोबाइल काढून माझ्या हातात दिला.

“लाव.”

कुठला नंबर ते सांगायची गरज नव्हती. त्यांना तो लावून उपयोग नव्हता, म्हणून माझी वाट बघत होत्या की काय कोण जाणे. मी लावला, कानाला धरला. बाई शेंगा बाजूला ठेवून माझ्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. मी ‘हॅलो’ म्हटलं, आणि ते पुरतं संपायच्या आत पलीकडून त्यांचा आवाज आला. हॅलो, बोला. फोन ठेवू नका, मी हाय. मागे पोतं आपटल्याचा आवाज. हा आवाज समोर बसलेल्या बाईंना आता कधीच ऐकू येणार नव्हता.

मी एक बोट वर केलं.

“एक?” बाई म्हणाल्या.

मी मान हलवली.

“मंग ठेव,” त्या म्हणाल्या आणि सूप पुढे ओढलं. “लाइन अडवू नको. कोणी तरी लावून राह्यलं असन.”